सुटकेच्या वॉरंटावरचा आकडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन रविवार आपल्या वाचकपत्रांत ‘देवापुढे नीतिमान कोण?’ हा विषय चालू आहे. मी सगळी पत्रे वाचली, दोन कापून ठेवली. बहुतेकांचा सूर एकच: ज्याने कोणाचे वाईट केले नाही, कोणाचा पैसा खाल्ला नाही, जो नेमाने प्रार्थना करतो, तो देवापुढे नीतिमान. एका गृहस्थांनी तर अशा गुणांची यादीच दिली आहे. यादी चांगली आहे. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात साधारण हीच यादी माझ्या नावाने वाचली गेली होती आणि मी मान खाली घालून ती ऐकून घेतली होती. लोकांना तो विनय वाटला.

मी ३४ वर्षे न्यायालयात लघुलेखिका होते. न्यायाधीश बोलत, मी उतरवून घेई, मग टाइप करी. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. पण बायबल रोज वाचते, आणि आयुष्य निकालपत्रे टाइप करण्यात गेल्यामुळे ‘नीतिमान’ हा शब्द दिसला की माझ्या डोळ्यांपुढे कोर्टाची खोलीच उभी राहते. वर न्यायाधीश, समोर आरोपीचा पिंजरा, मध्ये फायलींचा ढीग. हा निव्वळ माझ्या नोकरीचा परिणाम नव्हे. त्या शब्दाचे माहेरच ते आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात २५व्या अध्यायाच्या आरंभी न्यायाधीशांना सांगितले आहे की दोघांचा तंटा पुढे आला तर जो नीतिमान त्याला नीतिमान ठरवा आणि जो दोषी त्याला दोषी ठरवा. म्हणजे नीतिमान तो, ज्याच्या बाजूने निकाल लागला. स्वभावाचा दाखला ही फार पुढची गोष्ट.

आता इथेच माझ्यासारख्या कोर्टातल्या माणसाला ठेच लागते. बायबलच्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात १७व्या अध्यायात स्वच्छ म्हटले आहे की दुष्टाला नीतिमान ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. बरोबरच आहे. असा निकाल खालच्या कोर्टाने दिला तर तो अपिलात एक दिवसही टिकणार नाही. आणि मग ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिताना चौथ्या अध्यायात देवाची ओळख कशी करून देतो? ‘अभक्ताला नीतिमान ठरवणारा’ अशी. जे न्यायाधीशांना निषिद्ध, तेच देव करतो म्हणे. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मला ते आवडले नव्हते. माझ्या बाजूने खटला भक्कम आहे अशी माझी समजूत होती, त्यामुळे अशा न्यायाधीशाची मला गरज वाटत नव्हती.

ती समजूत कशावर उभी होती ते सांगते.

१९९१ सालची गोष्ट. एका माणसाचा खटला संपला आणि शुक्रवारी दुपारी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष मुक्त केले. आठ-नऊ महिने तो आत होता. निकाल ऐकून तो रडला वगैरे नाही, फक्त ‘म्हणजे घरी?’ एवढेच त्याने विचारले. सुटकेचे वॉरंट लिहिणारा कारकून त्या दिवशी रजेवर होता, म्हणून ते मी टाइप केले. सही झाली, शिक्का बसला, नुकत्याच लागलेल्या एका तरुण कारकुनाने ते जावकमध्ये नोंदवून तुरुंगाकडे पाठवले. संध्याकाळी वॉरंट परत आले. तोवर कोर्ट बंद झाले होते. तुरुंगाच्या नोंदीतला खटल्याचा क्रमांक आणि वॉरंटावरचा क्रमांक जुळत नव्हता. दुसरा शनिवार होता, नंतर रविवार. सोमवारी दुरुस्त वॉरंट गेले. जो माणूस शुक्रवारी दुपारीच निर्दोष ठरला होता, तो आणखी तीन रात्री कोठडीत झोपला.

खटला होता १४२ क्रमांकाचा. वॉरंटावर पडले १२४.

चौकशी झाली. आकडा तरुण कारकुनाने मला चुकीचा सांगितला की मी चुकीचा टाइप केला, असा प्रश्न आला. तो म्हणाला, मी बरोबरच सांगितला होता. मला विचारले तेव्हा मी म्हणाले, ‘मला सांगितला तसा मी टाइप केला.’ माझी नोकरी १३ वर्षांची, त्याची १३ महिन्यांचीही नव्हती. कोणाचे मानले जाणार हे उघड होते. त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली.

त्या रात्री मी माझी लघुलेखनाची वही उघडून पाहिली. आजूबाजूच्या रेघोट्या माझ्याशिवाय कोणाला वाचता आल्या नसत्या, पण आकडा आकड्यातच लिहिलेला होता, शाळेतल्या मुलालाही कळेल असा. १४२. त्याने बरोबर सांगितला होता, मी बरोबर उतरवला होता, आणि बोटांनी उलटा मारला होता. चूक बोटांची होती, ती कोणाच्याही हातून होते. जे चौकशीत बोलले गेले ते तोंडाचे होते. आणि वही पाहिल्यावर पुढची २१ वर्षे जे बोलले गेले नाही, त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. (वही सरकारी होती. भरलेली वही घरी ठेवणे हेही नियमात बसत नाही. यादीत तेही धरा.)

निरोप समारंभात ‘निष्कलंक सेवापुस्तक’ हा शब्द आला तेव्हा मी मान खाली घातली ती यासाठी.

तर आता त्या वाचकांच्या यादीबद्दल. लूककृत शुभवर्तमानात, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, १८व्या अध्यायात, मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट आहे: एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार, म्हणजे लोकांनी पापी गणलेला करवसुलीदार. परूशाने देवापुढे यादी वाचली: मी लुबाडणारा नाही, व्यभिचारी नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशमांश देतो. प्रवचनांत त्याला ढोंगी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तो खोटे बोलत होता असे गोष्टीत कुठेही नाही. त्याची यादी खरी होती. माझीही खरी होती. मी कधी लाच घेतली नाही, हे अक्षरशः खरे आहे. यादीत जे असते ते खरेच असते. अडचण जे यादीत घेतलेले नसते त्याची आहे, आणि यादी करणारा तोच असल्यामुळे ती कधी उघडकीला येत नाही. जकातदाराने यादी केलीच नाही. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर,’ एवढेच बोलला. येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला.

‘ठरून.’ मराठीत इथे फार सोयीचे क्रियापद मिळाले आहे. माणूस नीतिमान होतो की नीतिमान ठरतो? या दोन क्रियापदांमधल्या अंतरावरून युरोपात मोठा वाद पेटला आणि त्यातून चर्च दुभंगले. या वादाला तोंड फोडणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तरुणपणी ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांचा द्वेष करीत असे; ते त्याने स्वतःच १५४५ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले आहे. त्याला वाटे की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा कठोर न्याय. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर, ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ या हबक्कूक संदेष्ट्याच्या वाक्यावर, रात्रंदिवस डोके आपटल्यावर त्याला उमगले की देव ज्या नीतिमत्त्वाबद्दल बोलतो ते तो मागत नाही, देतो. निकाल आधी लागतो. त्या निकालाखाली उभा असलेला माणूस आतून अजून पापीच असतो. एकाच वेळी नीतिमान आणि पापी, असे तो म्हणे. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट शहरातल्या बिशपांच्या परिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी, उत्तर दिले: नुसती पापांची क्षमा एवढेच त्यात नाही, माणूस आतून पवित्र आणि नवा होतो. म्हणजे ‘ठरतो’ आणि ‘होतो’. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शापही देऊन झाले. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग शहरात ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या चर्चांचा लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की माणूस देवाकडून स्वीकारला जातो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने, स्वतःच्या कसल्याही गुणाने नव्हे. आणि पवित्र आत्मा मिळून तो सत्कर्मांसाठी सिद्ध होतो. साडेचारशे वर्षांचा दावा, आणि तडजोडीचा मसुदा थोड्या पानांचा. मतभेद सगळे मिटले असे नाही. पण कोर्टात काम केलेल्या माणसाला असा मसुदा पाहून बरे वाटते.

मला विचाराल तर मी तीन रात्रींवरून विचार करते. तो माणूस शुक्रवारी दुपारी निर्दोष ठरला. दाराला कुलूप होते, अंगावर आतलेच कपडे होते, रात्री हजेरीत त्याचे नाव पुकारले गेले असणार. तरी तो निर्दोष होता. निकाल खोटा ठरत नव्हता, फक्त त्याच्या अंगापर्यंत पोहोचला नव्हता. ल्यूथरचे म्हणणे मला असे समजते. आणि ट्रेंटचे म्हणणेही समजते: निकाल लागूनही दार कधीच उघडले नाही तर असल्या निकालाला कोण काय करणार? याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच ठणकावले आहे, की माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, क्रियांनी नीतिमान ठरतो. ल्यूथरला ते पत्र फारसे आवडत नसे. मला आवडते. पण क्रम मात्र माझ्या मते पौलाचाच खरा. आधी निकाल, मग वॉरंट. वॉरंट आधी निघाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

दाखला एका ठिकाणी तुटतो, तेही सांगते. तो माणूस खरोखर निर्दोष होता. मी नाही. आमच्या बोलण्यात दोन तऱ्हेच्या सुटका असत: एक निर्दोष सुटला, दुसरा संशयाचा फायदा मिळून सुटला. देवापुढे दुसरी वाट बंद आहे, कारण त्या न्यायाधीशाला संशय नाहीच. त्याला १४२ दिसतो. पहिलीही बंद आहे. ‘तुझ्यासमोर कोणीही जिवंत माणूस नीतिमान ठरणार नाही,’ असे १४३वे स्तोत्र म्हणते, आणि म्हणून स्तोत्रकर्ता आपल्या बाजूने पुरावा मांडत नाही, तर माझा खटलाच चालवू नकोस अशी विनवणी करतो. मग उरतो तो पौलाचा अवघड देव, जो गुन्हा खोडत नाही, पुरावा गहाळ करत नाही, आणि तरी अभक्ताला सोडतो. त्या गुन्ह्याची किंमत स्वतः ख्रिस्ताच्या ठायी सोसून. हे कसे, ते मी टाइप करू शकेन, समजावून सांगू शकणार नाही. मला एवढेच कळले की मिटलेले पुस्तक पुन्हा उघडावे लागले ते त्याच वाक्यासाठी.

कोणी म्हणेल, हे सोयीचे आहे: देवाने सोडले, विषय संपला. मलाही तीच भीती होती. प्रत्यक्षात उलटे झाले. खटला चालू असतो तोवर आरोपी पुरावा लपवतो. त्यात नवल नाही, तो त्याचा बचाव असतो. मी २१ वर्षे वही कपाटात सगळ्यात खाली ठेवली, कारण माझा खटला मी रोज नव्याने चालवत होते, आणि रोज स्वतःला जिंकवत होते. निकाल लागला आहे, आणि तो माझ्या यादीवर लागलेला नाही, हे खरोखर मनात उतरले तेव्हा पहिल्यांदा वही टेबलावर आली. सुटलेल्या माणसाला लपवण्यासारखे काय राहते?

एक लहानसे विषयांतर. ‘देवापुढे नीतिमान’ हे शब्द लूकच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध जोडप्याबद्दल येतात. दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान आणि निर्दोष. आणि त्याच अध्यायात, पानही उलटत नाही तोवर, जखऱ्या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि त्याची वाचा जाते. लूकने आधीचे विशेषण खोडलेले नाही. ज्यांना वाटते की नीतिमान म्हणजे जो चुकतच नाही, त्यांनी ते पान पाहावे.

वही बाहेर आली, पुढे काय? बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे. शेजाऱ्याचे काही खोटेपणाने ठेवून घेतले असेल तर ते पुरते परत करावे, वर त्याचा पाचवा हिस्सा भर घालावी, आणि ते ज्याचे त्याच्या हातात द्यावे. दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल देवाला अर्पण करायचा, मेंढा त्यासोबत. जक्कय नावाचा मुख्य जकातदार तर त्याच्याही पुढे गेला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट. ही गोष्ट लूकच्या १९व्या अध्यायात आहे, त्या प्रार्थना करणाऱ्या जकातदाराच्या लगेच पुढच्या. तो पहिला घरी गेला एवढेच आपल्याला सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बसून त्याने काय केले हे त्याच्याबद्दल कळत नाही, ते जक्कयावरून कळते असे मी मानते.

वेतनवाढीचा हिशेब सोपा होता. वर्षभराची रक्कम, त्यावर पाचवा हिस्सा, आणि मधल्या वर्षांचे व्याज माझ्या बुद्धीप्रमाणे. तो तरुण कारकून आता स्वतः निवृत्तीला आला आहे. मी वही आणि पाकीट घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने आकडा पाहिला, वही बराच वेळ हातात ठेवली. मग पाकीट माझ्याकडे सरकवत म्हणाला, ‘मॅडम, माझी वेतनवाढ मला वर्षाने मिळाली. त्या माणसाच्या तीन रात्रींचं काय केलंत?’

रागाने नाही म्हणाला. कारकुनाने कारकुनाला विचारावे तसे विचारले, नोंद कुठे आहे?

मी त्याला सांगितले की मी त्या माणसाचा विचारच केला नव्हता. २१ वर्षे, आणि त्यानंतरचीही, मला जी टोचणी होती ती या कारकुनाची होती, कारण तो रोज समोर दिसे. ज्याने तीन रात्री काढल्या तो माझ्या पापाच्या हिशेबातही नव्हता. बघा, वही उघडल्यावरही मी यादीच करीत होते, आणि यादीत पुन्हा एक जण राहिला होता. पाकीट त्याने घेतले नाही. चहा दिला, आणि निघताना जिन्यापर्यंत आला.

मुदत संपल्यावर त्या खटल्याची फाइल नियमाप्रमाणे नष्ट झाली आहे. मी रीतसर अर्ज केला, तेव्हा नोंदवहीतली एक ओळ मिळाली: क्रमांक, आरोपीचे नाव, निकालाची तारीख, ‘निर्दोष मुक्त’. पत्ता नाही. ते नाव इथे लिहिणार नाही. एकदा निर्दोष ठरलेल्या माणसाचे नाव खटल्यासोबत पुन्हा छापून आणायचा मला अधिकार नाही. तीन रात्रींचा पाचवा हिस्सा कसा मोजायचा, हेही मला लेवीय पुस्तकात सापडलेले नाही.

म्हणून, संपादक महाशय, वादात भर घालायला हे पत्र लिहिलेले नाही; लिहिता लिहिता तसे झाले आहे खरे. माझे नाव छापू नये, पण पत्ता आपल्या दप्तरी ठेवावा, ही विनंती. १९९१ मध्ये ज्यांना एका शुक्रवारी दुपारी निर्दोष मुक्त केले गेले आणि सोमवारी सोडले गेले, ज्यांनी निकालानंतर ‘म्हणजे घरी?’ असे विचारले होते, ते किंवा त्यांच्या घरचे कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्याकडे माझा पत्ता मागावा. मी येईन. वही सोबत आणीन.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका